विजेरीचा उजेड आणि मिरचीचा रंग

साडी पसंत पडली तरी गिऱ्हाईक ती दुकानाच्या उंबऱ्यापाशी नेऊन दिवसाच्या उजेडात एकदा पाहतेच. गादीवरील जुना व्यापारी त्याचा राग मानीत नाही. दिव्याखाली रंग फसवतो, हे त्यालाही ठाऊक असते. मात्र पावसाळ्यातील रात्री वीज गेल्यावर भोरच्या एखाद्या गोदामात मिरचीचे पोते उघडून पाहायचे असेल, तर हाताशी उरते ती विजेरी. स्वस्त विजेरीच्या निळसर झोतात लालबुंद मिरची आणि काळवंडलेली मिरची जवळजवळ सारखीच दिसते. वेल्ह्याच्या बाजूला, तोरण्याच्या पायथ्याशी, रात्री बांधावरून जाणाऱ्याची गोष्ट अधिक गंभीर: पालापाचोळा आणि तपकिरी घोणस यांतील फरक त्याला क्षणात कळावा लागतो.

पांढरा एलईडी मुळात निळा असतो. त्यावरील पिवळसर लेपामुळे तो पांढरा भासतो. निळ्या एलईडीसाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल मिळाले. मानवी डोळा हिरव्या-पिवळ्या प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असल्यामुळे तांबड्यावर खर्च केलेल्या विजेतून ल्युमेन फार थोडे पडतात. म्हणून वेष्टनावर मोठा आकडा छापायचा असेल, तर तांबड्याला कात्री लावणे सोयीचे ठरते. नफा फुगवण्यासाठी घसाराच न धरण्याचा हा प्रकार.

रंग किती खरे दिसतात, हे सीआरआय या अंकाने सांगतात. सूर्यप्रकाशाचा अंक १००. परंतु हा अंक आठ फिक्या रंगांची सरासरी असतो. गडद तांबडा हा नववा रंग, म्हणजे आर-९, त्यात धरलेलाच नसतो. त्यामुळे सीआरआय ८० असूनही आर-९ शून्याजवळ असू शकतो. सरासरीवर भिस्त ठेवणाऱ्याने एवढे खाते तरी उघडून पाहावे.

चांगल्या उजेडाची विजेरी घरी जुळवणे अवघड किंवा फार खर्चाचे नाही. ॲल्युमिनियमची साधी नळी, १८६५० जातीचा लिथियम सेल (१८ मिमी व्यास, ६५ मिमी लांबी), विद्युतप्रवाह आवरणारा ड्रायव्हर आणि तांब्याच्या चकतीवर बसवलेला एलईडी, एवढे सुटे भाग लागतात. नाकामुरा जेथे काम करीत, त्या जपानच्या निचिया कंपनीचा २१९बी हा एलईडी हौशी मंडळींत मान्यता पावला आहे. त्याच्या ९०८० या प्रतीत सीआरआय ९० च्या घरात आणि आर-९ ८० च्या घरात असतो. ड्रायव्हरवरील ७१३५ जातीची प्रत्येक चिप ३५० मिलिअँपिअर देते. चार चिपांचे १४०० झाले, म्हणजे ३००० मिलिअँपिअर-तासांचा सेल सुमारे दोन तास पुरेल. एकाच चिपवर आठ तासांहून अधिक. चकतीखाली उष्णतावाहक लेप पातळ लावावा, आणि डाग देण्यापूर्वी धन-ऋण टोके दोनदा पाहावीत.

काटकसर सेलवर मात्र करू नये. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल स्वस्त मिळतात, पण त्यांचा पूर्वेतिहास कोणास माहीत नसतो. बिघडलेला लिथियम सेल पेट घेतो. चार्जर ४.२ व्होल्टवर थांबणारा हवा.

जुळणी झाल्यावर परीक्षा सोपी आहे. दुपारी उंबऱ्यावर पाहिलेल्या चार मिरच्या रात्री अंधाऱ्या खोलीत जुन्या आणि नव्या विजेरीखाली आळीपाळीने धराव्यात.