गटांतील संदेश आणि कामांची यादी

उन्हाळा लागला म्हणजे घटप्रभेच्या काठच्या आमच्या नेसरी भागांत शेतकऱ्याचा जीव दोन गोष्टींवर टांगलेला असतो. एक नदीचें पाणी व दुसरी पंपाची वीज. पाळीची बातमी वेळेवर कळली नाहीं तर उभा ऊंस वाळतो, आणि शेजाऱ्याशीं तंटा पदरीं येतो तो निराळाच. पूर्वीं ही बातमी पाटकरी घरोघर सांगत असे. हल्लीं ती व्हॉट्सॲपच्या गटांत येते. परंतु त्याच गटांत लग्नाच्या पत्रिका, वाढदिवसाच्या शुभेच्छा, गुळाचे भाव आणि राजकारणाचे वाद यांचीही रीघ लागलेली असते. "आज रात्रीं वरच्या चारीची पाळी आहे, दारें धरण्यास माणूस पाठवा" एवढा एक संदेश त्या गर्दींत बुडाला, तर त्याचा दोष कोणास द्यावयाचा?

या अडचणीवर कृत्रिम बुद्धिमत्तेचा उपाय आतां हाताशीं आला आहे. दिवसभराचे संदेश या यंत्रापुढें ठेविले असतां काम कोणतें, तें करणार कोण व केव्हां, अशी यादी तें कांहीं क्षणांत काढून देतें. महाराष्ट्र शासनानेंही २०२५ सालीं शेतीमध्यें कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापराचें धोरण मंजूर केलें आहे. तेव्हां हा विषय केवळ शहरी मंडळींचा राहिलेला नाहीं. ज्या संस्थांचे चिटणीस शेतीचीं कामें उरकून रात्रीं हिशेब लिहितात, त्यांचे शेंदोनशें संदेश वाचण्याचे श्रम या यंत्रानें वांचतील. तो लाभ अवश्य घ्यावा, असेंच आमचें मत आहे. प्रश्न आहे तो त्या यादीस कोणती योग्यता द्यावयाची हा.

या बाबतींत आमच्या जिल्ह्याचा अनुभव पाहण्यासारखा आहे. वारणानगरच्या परिसरांतील सत्तर खेडीं संगणकानें जोडण्याची योजना १९९८ सालीं निघाली. पुढें त्यांपैकीं सात खेड्यांत संगणकाच्या जागीं मोबाईलवरील लघुसंदेश वापरून पाहण्यांत आले. त्या प्रयोगाचा वृत्तांत २००७ सालीं प्रसिद्ध झाला. शेतकऱ्यानें ठराविक संदेश पाठवावा, आणि आपल्या उंसाचें वजन, तोडीचा परवाना, खताची उचल यांची माहिती त्याच मार्गानें मिळवावी, अशी ती व्यवस्था होती. तेथें यंत्र नोंदींतील आंकडा जसाच्या तसा देत असे. आजचें यंत्र मात्र माणसांच्या मोकळ्या बोलण्यावरून अर्थाचा अंदाज बांधतें, आणि अंदाज चुकला तरी तो तितक्याच ठामपणें लिहून देतें.

त्यांतून आमची भाषा. "परवां" हा शब्द गेलेल्या दिवसासही लागतो व येणाऱ्या दिवसासही. गटांत "अण्णा" म्हटलें तर तीन अण्णा पुढें होतात. वडीलधारी मंडळी लिहिण्याऐवजीं बोलूनच संदेश पाठवितात. त्यांची खेडवळ बोली यंत्रास नीट उमगेलच असें नाहीं. आणि "बघतो की" या उत्तरांत होकार किती व नकार किती, हें बोलणाराचा स्वभाव ठाऊक असल्यावांचून कळणें अशक्य. आमच्याकडे तोंडावर नाहीं म्हणणें बरें दिसत नाहीं. म्हणून "बघतो की" हा पुष्कळदां सभ्य नकार असतो. यंत्र त्यास होकार समजून त्या गृहस्थाचें नांव कामापुढें लिहील, हा धोका खरा आहे.

समजा, फुटलेली चारी बांधण्याचें काम याप्रमाणें एकाच्या नांवावर पडलें. त्यास त्याची वार्ता नाहीं. इतरांनीं यादी पाहिली व ते निर्धास्त झाले. रात्रीं पाणी ओढ्यास गेलें, खालच्या शेतकऱ्याची पाळी बुडाली. सकाळीं यादी दाखवून ज्यास दोष दिला जातो, त्यानें तें काम अंगावर घेतलेलेंच नव्हतें. संदेश नुसताच बुडाला असता तर चूक सर्वांची ठरली असती. यादीनें ती एकाच्या माथीं मारली.

धुळें व नाशिकाकडील फड पद्धतींत पाणी फिरविण्याचें काम नेमलेल्या पाटकऱ्याकडे असतें. ज्यानें त्यानें उठून पाणी घेण्याची तेथें चाल नाहीं. कोणाचें काम कोणतें हें सर्वांसमक्ष ठरलेलें असणें, हेंच अशा व्यवस्थेचें बळ होय. तें बळ यंत्राच्या यादींत आपोआप येत नाहीं.

म्हणून आमची सूचना अशी कीं, यंत्राची यादी हा कच्चा खर्डा समजावा. चिटणीसानें ती स्वतः वाचावी, प्रत्येक कामाशेजारीं मूळ संदेश ठेवावा, "परवां"च्या जागीं वार व तारीख आणि "अण्णा"च्या जागीं पूर्ण नांव घालावें. नंतर ज्याचें नांव असेल त्यास विचारावें, आणि त्यानें स्पष्ट "करतो" म्हटल्यावरच तें पक्क्या यादींत चढवावें. ज्या कामास कोणीच होकार दिला नाहीं, तें नांवावांचूनच पण ठळक लिहावें. कोणाचें तरी नांव घालून तें झांकूं नये. पक्की यादी संस्थेच्या फळ्यावरही लावावी. कारण सर्व सभासदांजवळ तसला फोन नसतो, आणि पाणीपट्टी मात्र सर्वांनाच भरावी लागते.

आणखी एक गोष्ट. गटांत कर्ज, दुखणीं, बांधाचे वाद यांचीही वाच्यता होते. ते सर्व संदेश उचलून बाहेरच्या यंत्रास देणें म्हणजे घरचें बोलणें परक्याच्या दारीं नेणें होय. तेव्हां सभासदांची संमति आधीं घ्यावी व कामापुरतेच संदेश द्यावे. कामाचा गट निराळा ठेविला तर उत्तमच.

येता उन्हाळा लागण्यापूर्वीं आमच्या भागांतील पाणीपुरवठा संस्थांनीं हा विषय सभेपुढें ठेवावा आणि यादी कोणी वाचावयाची व होकार कसा घ्यावयाचा, याचा नियम ठरवून घ्यावा, अशी आमची त्यांस आग्रहाची विनंती आहे.