बाहत्तरची भाकरी



1972 चा दुष्काळ म्हटला की साठी ओलांडलेल्यांना तीन गोष्टी आठवतात. खडी फोडणारे हात, दुष्काळी कामावर वाटलेली सुकडी आणि रेशनवरची मिलो. मिलो म्हणजे अमेरिकेतून जहाजाने आलेली लाल ज्वारी. तापीकाठच्या काळ्या रानात दादर पिकवणारा शेतकरी ती घ्यायला रांगेत उभा राहिला. तिची भाकरी धड थापली जात नसे, काठाला चिरत असे. मग घरच्या बाईने पीठ आधणाच्या पाण्यात भिजवले, हाती लागेल ते दुसरे पीठ मिसळले आणि तेही जमले नाही तेव्हा घाटा शिजवला. किती टन धान्य आले याचा हिशेब सरकारने ठेवला. या खटपटीला मात्र कागदावर रकाना नव्हता.

ही विद्या काही बाहत्तरात जन्मली नाही. सातपुड्यातला भिल्ल मोहाची फुले वाळवून ठेवत आला. चिंच नसली की आंबाडीने आंबट भागवले, साखर नसली की गुळाचा चहा झाला. चैत्र-वैशाखात भाजी संपली की सांडगे निघाले, तुरीच्या डाळीचे फुनके झाले. पहिल्या पावसात तरोटा, घोळ, माठ बांधावरून चुलीवर आले. ज्वारीत उडीद घालून दळलेला कळणा घ्या. ज्वारीत जे कमी, ते उडदात असते. हे शास्त्र आमच्या आज्यांना जात्यावर कळले होते.

पण याचे गोडवे गाताना भान ठेवले पाहिजे. ही हौस नव्हती, लाचारी होती. आणि घरात शेवटी जेवणारीच्या ताटात ती सर्वात आधी पडत होती.

यातला खरा मुद्दा वेगळाच आहे. एकाऐवजी दुसरे वापरायचे, तर ते दुसरे रानात असावे लागते. कपाशीच्या पट्ट्यात तूर, मूग, उडीद, चवळी होती, धुऱ्यावर आंबाडी होती, म्हणून चुलीला पर्याय होता. बाहत्तरात रानच उजाड झाले आणि बाईचे कसब उपाशी पडले. तेव्हा बोटीची वाट पाहावी लागली.

आज पाऊस बरा झाला तरी कितीतरी रानांत नुसती कपाशी दिसते. तणनाशकाने तरोटा आणि घोळही गेली. कापसाचा भाव पडला की पीठ, डाळ, तेल, सगळे उधारीवर.

दोष शेतकऱ्याच्या माथी मारू नका. सत्तरच्या दशकात ज्वारीवर लेव्ही होती, सरकार ठरवेल त्या भावाने ती घालावी लागे. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनवर तांदूळ 3 रुपये, गहू 2 रुपये आणि भरडधान्य 1 रुपया किलो ठरवले. ज्वारीची पायरी कोणती, ते सरकारनेच दाखवून दिले. 2023 साल जगभर भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, ज्वारी ‘श्री अन्न’ झाली, शहरातल्या हॉटेलात भाकरीला मान आला. पिकवणाऱ्याला मात्र नाव नको, दाम हवा. हमीभाव जाहीर करणे सोपे आहे. माल खळ्यावर असताना खरेदी केंद्र उघडणे, हे खरे काम. ते आपण मागितलेच पाहिजे.

आणि एक काम आपल्या हातातले. येत्या खरिपात कपाशीत चार तासे उडीद-मुगाची टाका, धुऱ्यावर आंबाडी पेरा, रब्बीत घरापुरती तरी दादर ठेवा. पुढच्या बैठकीला बाहत्तर पाहिलेली एक तरी म्हातारी माय सोबत आणा. तिला पुढे बसवा. पहिले भाषण तिचे होऊ द्या.