नवीनच घ्या!

“दुरुस्ती? छे हो, नवीनच घ्या!” माझी चेनसॉ उघडूनसुद्धा न बघता दुकानदार म्हणाला आणि माझ्यातला बी. कॉम. खवळला. अहो, घसारा आम्हीही लावतो. म्हणून काय हेडक्लार्कला भंगारात घालतो? (घातलं असतं तर शाखा ओस पडली असती.) २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धनच्या आमच्या वाडीत आडवे झालेले माड हिनेच कापले. रोग एवढाच की, टाकीतल्या शिळ्या पेट्रोलचा चिकटा बसून कार्बोरेटर तुंबला होता. पडवीत वर्तमानपत्र पसरून मी तो धुतला, प्लग घासला, लिटरला २० मिली टू-स्ट्रोक ऑईल घालून ताजं पेट्रोल भरलं. सातव्या झटक्याला बाई गरजल्या! तेव्हा शेटजी, पाटीवरच्या ‘विक्री व दुरुस्ती’तलं ‘व दुरुस्ती’ तेवढं पुसा. फडकं मी देतो, कार्बोरेटरचंच आहे.