तळोजाचे नाव घ्या

१७ एप्रिल २०१७ रोजी मरवान बरघूती यांच्या नेतृत्वाखाली इस्रायलच्या तुरुंगांतील हजाराहून अधिक पॅलेस्टिनी राजबंद्यांनी अन्न वर्ज्य केले. मागण्या तरी केवढ्या? औषधोपचार, दूरध्वनी, आप्तांची भेट. सुमारे चाळीस दिवसांच्या उपोषणाने पदरात पडली ती महिन्यातून दुसरी भेट!

डोंबिवलीहून निघून शीळफाट्यावर पनवेलकडे वळले की तळोजा येते. तेथील कारागृहात मे २०२२ मध्ये भीमा कोरेगाव प्रकरणातील सागर गोरखे यांना पाण्यासाठी व हिरावलेल्या मच्छरदाणीसाठी उपोषण करावे लागले. खटला तोवर उभाही राहिला नव्हता.

दूरच्या तुरुंगाचा निषेध स्वस्त असतो. ठाणे-कल्याणच्या कार्यकर्त्यांनी पॅलेस्टिनी बंद्यांच्या पाठिंब्याचे ठराव अवश्य करावेत. मात्र त्यांत तळोजाचे नाव घालताना कचरू नये.