गुळगुळीत दिसणारे पाणीच धोक्याचे

समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाला आणि छत्रपती संभाजीनगरकरांना कोकण जवळ आल्यासारखे वाटू लागले. पहाटे निघायचे, एखाद्या निवांत किनाऱ्यावर पावसाळी दुपार घालवायची आणि रात्री उशिरा घर गाठायचे, हा बेत आता निदान कागदावर तरी जमतो. बेत वाईट नाही. मात्र पावसाळ्यात समुद्रात उतरू नये, आणि त्याचे कारण मराठवाड्यातल्या पर्यटकाला सहसा कुणी नीट सांगत नाही.

इकडचा माणूस पोहायला शिकतो तो विहिरीत, नाही तर तलावात. तिथले पाणी जागच्या जागी असते. समुद्रात मोसमी वाऱ्यांनी उठलेल्या लाटा वाळूच्या उंचवट्यांवर फुटतात आणि किनाऱ्यालगत पाणी साचवतात. ते परत जाताना दोन उंचवट्यांमधली खोलगट वाट धरते. या अरुंद प्रवाहाला ‘रिप करंट’ म्हणतात. खोली जास्त असल्याने तिथे लाटा कमी फुटतात. दोन्ही बाजूंना फेस उसळत असताना मधला पट्टा गुळगुळीत दिसतो, आणि लेकरांना घेऊन उतरायला नेमकी तीच जागा निवडली जाते. एरवी सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास असणारा हा वेग कधी कधी दोन मीटरच्या वर जातो. ऑलिंपिकमधला जलतरणपटूही इतक्या वेगाने काही सेकंदच पोहू शकतो.

हा प्रवाह माणसाला तळाशी ओढत नाही, आत नेतो. माणूस बुडतो तो किनाऱ्याकडे तोंड करून झगडताना थकल्यामुळे. त्याऐवजी उताणे तरंगावे, हात वर करून मदत मागावी; बळ असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून प्रवाहाबाहेर पडावे. वाचवायला दुसऱ्याने उडी घेऊ नये. झाकण लावलेला रिकामा प्लास्टिकचा कॅन किंवा फुगवलेली ट्यूब फेकावी.

निवांतपणाचाही हिशेब करायला हवा. गर्दी नाही म्हणजे बहुधा जीवरक्षकही नाही. १ जूनपासून दोन महिने यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. कोळी समाज नारळी पौर्णिमेला नारळ वाहून पुन्हा समुद्रात जातो. त्यामुळे हाकेसरशी धावून येईल अशी होडीही पाण्यात नसते. अनेक किनाऱ्यांवरचा फलक ‘पोहण्यास सक्त मनाई’ एवढेच सांगतो. नुसत्या मनाईला आपल्याकडे कोण जुमानतो? त्यावर या प्रवाहाचे साधे चित्र काढायला खर्च तरी किती येईल? हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था उंच लाटांचे इशारे देते. गाडी काढण्यापूर्वी पावसाच्या अंदाजाबरोबर तेही पाहावेत.

वाळूवर फिरायला हरकत नाही, पण अनवाणी नको. पावसाळ्यात ‘ब्लू बॉटल’ हे निळ्या फुग्यासारखे जीव किनाऱ्यावर येऊन पडतात. ऑगस्ट २०१८ मध्ये जुहूला अनेकांना त्यांचा दंश झाला होता. मेलेल्या ब्लू बॉटलचे तंतूही डसतात. डंख झालेली जागा चोळू नये. तंतू चिमट्याने काढून समुद्राच्या पाण्याने धुवावे, मग सोसेल इतक्या गरम पाण्यात ती जागा वीसेक मिनिटे बुडवून ठेवावी. दम लागला तर थेट दवाखाना गाठावा.