दिमोनातला मलिदा

इस्रायलमधल्या दिमोनात आमच्या घरी लग्न ठरलं की आजी मलिदा करते. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं; एलियाहू हनबी या प्रेषिताच्या नावाने. माझा जन्म इस्रायलमधला. मराठी कळते, बोलताना अडखळते. मैत्रिणी विचारतात, तू भारतीय की ज्यू? या 'की'चा मला राग येतो. १९६२ मध्ये इथल्या मुख्य रब्बी मंडळाने आमच्या, म्हणजे भारतातून आलेल्या बेने इस्रायली ज्यूंच्या लग्नाआधी पूर्वज ज्यू होते का याची चौकशी लावली. आजीची पिढी १९६४ मध्ये जेरुसलेमच्या रस्त्यावर उतरली, तेव्हा कुठे त्या आदेशातून आमच्या समाजाचं नाव निघालं. शाळेत हे मला कुणी शिकवलं नाही, आजीने मलिदा कालवताना सांगितलं. रायगडातल्या गावांवरून आलेली आडनावं इथे काहींनी बदलली. मी रोहेकरच राहणार. आणि हा लढा इथल्या पाठ्यपुस्तकात यायलाच हवा.