एक नंबरचा रिअॅक्टर

मे महिन्यात मौद्यात दुपारी बारानंतर माणूस उगाच बाहेर पडत नाही. कूलरमध्ये पाणी भरायचं, दार लोटायचं आणि पडून राहायचं. परवा अशाच दुपारी फोनवर ‘फायनल फँटसी सेव्हन’ उतरवून घेतला आणि वीसेक वर्षांनी पुन्हा एकदा एक नंबरचा रिअॅक्टर उडवायला निघालो.

जपानच्या स्क्वेअर कंपनीने ३१ जानेवारी १९९७ ला प्लेस्टेशनसाठी काढलेला हा खेळ. पडद्यावर आधी चांदण्या, मग हिरवट उजेडात एका मुलीचा चेहरा. ती फुलांची टोपली घेऊन गल्लीतून रस्त्यावर येते. तिथून नजर वर वर जाते, तो खाली अख्खं मिडगार शहर. मधोमध शिन्रा नावाच्या वीज कंपनीची इमारत, भोवती गोलाकार आठ रिअॅक्टर. नोबुओ उएमात्सुचं संगीत चढत जातं आणि आपण तेवढ्याच वेगाने खाली येतो. आगगाडी थांबते, टपावरून खेळाचा नायक क्लाउड उडी मारतो. पाठीवर जवळपास त्याच्याच उंचीची तलवार. काम एवढंच की रिअॅक्टरमध्ये बॉम्ब ठेवून यायचं. शिन्रा कंपनी पृथ्वीच्या पोटातला जीव उपसून त्याची वीज करते, म्हणून.

ही सुरुवात मला तोंडपाठ आहे, आणि त्याला कारण आमची गरिबी. आतेभावाने कोणाकडून तरी जुनं प्लेस्टेशन आणलं होतं; सीडी होत्या, पण मेमरी कार्ड नव्हतं. कार्ड नाही म्हणजे खेळ सेव्ह करता येत नाही. मशीन बंद केलं की पुन्हा गाडी, पुन्हा टपावरून उडी. त्यात ते भारनियमनाचे दिवस. वीज कधी जाणार याचं वेळापत्रक आम्हाला शाळेच्या वेळापत्रकापेक्षा जास्त पाठ. वीज केंद्र उडवायला निघालेले आम्ही, आणि अर्ध्या वाटेत आमचीच वीज जायची! दर रविवारी तोच रिअॅक्टर. पहिल्या दोन शिपायांना पाडलं की त्यांच्याजवळ औषधाच्या बाटल्या सापडतात, हे मी झोपेतही सांगितलं असतं.

आत गेल्यावर भेटतो पोलादी विंचू. तिथे आम्ही कितीदा मेलो! त्याने शेपटी वर केली की क्लाउड जे बोलतो ते इंग्रजीत असं उतरलं होतं, की शेपटी वर आहे तोवर हाणा. आम्ही इमानदारीने हाणायचो आणि तो शेपटीतून लेझर सोडून आम्हाला भाजून काढायचा. सांगायचं होतं नेमकं उलटं, की शेपटी वर असताना हाणाल तर तो उलट वार करेल. आमचं इंग्रजी कच्चं, असं वाटून आम्ही गप्प बसलो. भाषांतरच फसलंय, आणि त्यासाठी जगभर प्रसिद्ध आहे, हे कळायला बरीच वर्षं गेली. आणखी एक गंमत, या विंचवाला सगळ्यात जास्त लागते ती विजेची जादू. वीज केंद्राचा राखणदार, आणि त्याला विजेचंच वावडं!

मधल्या काळात मौदा बदललं. ज्या बाजूला वावरं होती, तिकडे आता एनटीपीसीच्या चिमण्या आहेत. ५०० मेगावॉटचे दोन आणि ६६० चे दोन संच, एकूण २३२० मेगावॉट. कोळसा रेल्वेने येतो, पाणी गोसेखुर्दच्या जलाशयातून. रात्री गच्चीवर गेलं की चिमणीवरचे लाल दिवे दिसतात. हायवेवर राखेचे बल्कर आडवे येतात. आणि गावातल्या चार घरांपैकी एकात तरी ‘प्लांट’वर जाणारं कोणी ना कोणी असतं. आमच्याकडे भाचा आहे. ठेकेदाराकडे, कोळशाच्या कन्व्हेयरवर.

परवा तो सेकंड शिफ्टला जायचा म्हणून लवकर जेवत होता. माझ्या खांद्यावरून डोकावला.

“काय करून राहिले, मामा?”

“प्लांट उडवून राहिलो.”

तो ताट घेऊन बाजूलाच बसला. लिफ्टमध्ये क्लाउडचा साथीदार बॅरेट पृथ्वीबद्दल तळमळून बोलत होता आणि क्लाउड म्हणत होता की मला त्याचं काही देणंघेणं नाही. लहानपणी हे मला भारी वाटायचं. भाच्याला वेगळंच दिसलं.

“हा कंत्राटी हाय का?”

म्हटलं, हो. पंधराशे गिल, म्हणजे खेळातले पैसे, तेही काम झाल्यावर.

“आपल्यावानीच मग.” भाताचा घास तसाच हातात. मग पडदा नीट पाहून म्हणाला, “पण मामा, पॅनलवर कोणीच कसं नाही? एवढा मोठा प्लांट, ना ऑपरेटर, ना फिटर. नाइट शिफ्टवाले गेले कुठं?”

मी पाहिलं. खरंच कोणी नव्हतं. पाईप, जिने, शिपाई, यंत्रं. इतक्या रविवारी इतक्यांदा उडवलेल्या त्या रिअॅक्टरमध्ये मी एकदाही कामगार शोधला नव्हता. हा खेळ पुढे, फार पुढे, बॅरेटला तोच सवाल विचारतो: त्या स्फोटात किती माणसं गेली, ठाऊक आहे का? बॅरेटकडे धड उत्तर नसतं. पण आम्हाला तो सवाल कधी ऐकूच आला नाही. मेमरी कार्ड नव्हतं ना.

भाचा हात धुऊन, डोक्याला दुपट्टा बांधून निघाला. मी विंचू पाडला. बॉम्बचं घड्याळ सुरू झालं, दहा मिनिटं. साथीदार जेसीचा पाय अडकतो ती जागा आली. पाय सोडवला आणि वेळेत बाहेर पडलो. रस्त्यावर फुलवाली उभी होती, एक गिलला एक फूल. घेतलं.

तेवढ्यात फोनची बॅटरी लाल झाली. उठून चार्जर लावला.